तेरा कोडी वेल

धाकटी पाखाडी, ता. श्रीवर्धन
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्राचीस,

अनेक आशीर्वाद. आईनं मुलीला लिहायचं तर सुरुवात अशीच करतात, म्हणून केली. त्यानं माझा राग कमी झाला असं समजू नकोस.

फोनच करणार होते. विनेश म्हणाला, "आये, प्राचीनं तुजा नंबर पाच वर्सांपूर्वीच ब्लॉक केलाय. तुना आता कललं?" मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या भावाला वाटतं आई अडाणी. मच्छीमार महिला संस्थेची इतिवृत्तं अठरा वर्षं लिहिणाऱ्या बाईला ब्लॉक म्हणजे काय ते कळतं. म्हणून हे पत्र. पत्राला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं. पत्ता तुमच्याच रिपोर्टाच्या पहिल्या पानावर मिळाला.

आता त्या रिपोर्टाचं बोलू. आपल्या किनाऱ्याचं सुशोभीकरण करायचं म्हणतात. घरं आणि लाटा यांच्यामध्ये वाळूचा जो उंचवटा आहे तो सपाट करून त्यावर दगडी बांध, फरशीचा रस्ता, लॉन आणि बाकडी. सतरा डिसेंबरला ग्रामपंचायतीत जनसुनावणी आहे. रिपोर्ट वाचायला ठेवलाय. वाचला कुणी नाही, मी वाचला. पान एकोणतीस. "मर्यादवेल. वितरण: वालुकामय किनाऱ्यांवर सर्वत्र. संवर्धन स्थिती: चिंतेचे कारण नाही." आणि खाली वनस्पतींच्या भागाला सही कुणाची, तर प्राची चोगले.

चष्मा पुसून परत वाचलं. सही तुझीच. च चं पोट फुगवायची तुझी सवय अजून गेली नाही.

सर्वत्र म्हणजे कुठे गं? तू कुठे मोजलीस? मर्यादवेल म्हणजे आपली दर्याची वेल, लहानपणी तूच तिची जांभळी फुलं कानात घालून हिंडायचीस. तुला पायावर जेलीफिश झोंबली तेव्हा मी तिचीच पानं ठेचून लावली होती आणि तू अख्खी पाखाडी डोक्यावर घेतली होतीस. ती वेल सर्वत्र आहे म्हणून उपटा, असं? जवळासुद्धा सगळ्या दर्यात असतो. माझ्या टोपलीत नसेल तर मी बाजारात काय जगातला जवळा विकू?

वादळाचा विषय मी काढणार नाही. २०२० च्या तीन जूनला पाणी सगळीकडून आलं होतं. ते तू तेव्हा काय बोललीस आणि मी काय केलं, ते तिथेच राहू दे.

पण हे "सर्वत्र" मी मोजणार आहे. सुनावणीत उभी राहून सांगणार आहे. तुला आधी कळवलं, मागून वार केला असं नको.

तुझी आई,
वेणूबाई

२ नोव्हेंबर २०२५

चि. प्राचीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही. म्हणजे पोचलं, एवढं मला पुरे आहे.

आपला किनारा मोजून झाला. उत्तरेच्या खडकापासून दक्षिणेच्या खाडीच्या तोंडापर्यंत, सकाळच्या ओहोटीला, तीन दिवस. जाळ्याचा दोर घेतला आणि वावेनं मोजला. तुमची टेप वाऱ्यानं फडफडते, दोर फडफडत नाही. दोन हात पसरले की एक वाव. माझ्या बापानं अख्ख्या होडीचे दोर असेच मोजले, कधी कमी पडले नाहीत.

तुझे बाबा म्हणाले, "तुजी वाव आखूड हाय, दे, मी मोजतो." मी म्हटलं, तुमची छाती दोन पावलांत भरते, तुम्ही बसा आणि शिंपले मोजा. तेव्हा बसले. मासे मोजतो तसंच केलं: वीस झाले की एक कोडी, एका कोडीला एक शिंपला बाबांच्या टोपीत. येणारेजाणारे हसत होते. हसू देत. नाचता येत नाही त्यालाच अंगण वाकडं दिसतं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी काही मोजलं नाही त्यांना मोजणारी बाई वेडी दिसते.

आता ऐक. अख्खा किनारा पंचेचाळीस कोडी. त्यात वेल किती? तेरा कोडी. बाकी बत्तीस कोडीत काही नाही. कुठे गाड्या वाळूत घालतात त्यांच्या चाकोऱ्या, कुठे घोडागाडीचा अड्डा, कुठे पर्यटकांना बसायला साफ केलेली जागा. आणि त्या तेरा कोडींतल्या दहा तुमच्या बांधाखाली जाणार. उरल्या तीन. हे तुझं सर्वत्र.

वेल आहे तिथे वाळू माझ्या कमरेइतकी उंच आहे. नाही तिथे घोट्याइतकी. हे मोजायला दोरसुद्धा लागत नाही.

एका ठिकाणी, आपल्या आणि शेजारच्या कमळकाकीच्या दारासमोर, दोन कोडी जागा नुसती उघडी आहे. ती मोजली आणि पुढे गेले.

विनेश चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. दिवेआगरसारख्या त्यानंही पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात ना. "आये, बांध झाला तर खोलीतनं समुद्र बघायला लोकं येतील. ती वेल काय सोन्याची हाय?" मी म्हटलं, बाबा, वेल गेली तर लोकांना समुद्र बघायला खिडकीपर्यंत जावं लागणार नाही, तोच खोलीत येईल. तर म्हणतो, "मंग त्या वक्ताला तू काय केलंलंस?" मी उठले. भांडी घासली.

त्यानं दिवाळीला घर रंगवलं. मधल्या दाराच्या मागची बाजू मी रंगवू दिली नाही. तिसरीत असताना शिंप्याची टेप आणून तू घरातल्या प्रत्येकाला मोजत सुटली होतीस, त्या पेन्सिलच्या खुणा तिथे आहेत. भिंतीला ओल धरते म्हणून नको म्हटलं, असं मी त्याला सांगितलं. दाराला कुठली ओल.

आई

२३ नोव्हेंबर २०२५

चि. प्राचीस,

आशीर्वाद. मी फिरून आले. आपल्यापुरतं मोजून मी "सर्वत्र" खोडून काढणार, तर समोरचा म्हणेल, बाई, तुमची पाखाडी म्हणजे जग नव्हे. म्हणून जग बघायला निघाले. एसटीनं. बाबांनी डबा करून दिला, असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही, पण दिला. भाकरी कच्ची होती.

दिवेआगरला वेल आहे. वाड्यांच्या पुढे, वादळात सुपारी आडवी झाली होती त्या अंगालाही आहे. दिघीवरून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरले, जेट्टीच्या बाजूला कचऱ्यातून वर आलेली दिसली. पुढे मुरूडकडे जाताना खिडकीतून दोनदा दिसली. मी वहीत लिहीत गेले. जसजशी वही भरत गेली तसतसं माझं तोंड उतरत गेलं. कारण ती खरोखरच सगळीकडे होती.

शेवटी उरणला केसरमावशीकडे गेले. तुला मावशीचं घर आठवतं, समोर वाळू होती, तू त्यात विहीर खणायचीस. आता न्हावा शेव्याच्या कंटेनरांचा रस्ता तिथून जातो. मावशीचे दोन्ही मुलगे ट्रेलर चालवतात, बरं चाललंय. मी म्हटलं, केसर, दर्याची वेल उरलीय का गो तुमच्याकडं? ती मला रस्त्याच्या कडेला घेऊन गेली. तारेच्या कुंपणावर, टाकून दिलेल्या टायरमधून, खडीच्या ढिगावर. हिरवीगार. फुलं ही एवढी. धूळ बसलेली, पण फुलं.

मावशी म्हणाली, "वेल हाय, पन आमचा किनारा न्हाय. तिला काय, तिला खडीपन चालतं. मना सांग, मी बोंबील कुटं सुकवू?"

मी तिथेच टायरवर बसले.

प्राची, तू खोटं लिहिलं नाहीस. हे लिहायला मला फार जड जातंय, म्हणून एकदाच लिहिते. वेल सर्वत्र आहे. तिच्या बिया समुद्रातून तरंगत जातात आणि दिसेल त्या वाळूत रुजतात, हेही तुमच्या रिपोर्टात आहे आणि तेही खरं. तिची चिंता करायचं कुणाला कारण नाही. ती आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

पण मग चिंता कुणाची करायची, हा रकाना तुमच्या तक्त्यात का नव्हता? वेलीच्या मागे वाळू, वाळूच्या मागे घरं, घरात माणसं. तुम्ही वेलीची नाडी बघितली आणि म्हणालात, पेशंट ठणठणीत. तिच्या आडोशानं जगणारे मेले तर तो वेगळा विभाग. आणि तुला तर हे माहीत होतं. पाखाडीत तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मला भर वस्तीत सांगणारी तूच होतीस.

म्हणून माझा राग होता तेवढाच आहे. फक्त त्याची जागा बदलली.

आई

१० डिसेंबर २०२५

प्राची,

आठवड्यानं सुनावणी. काय बोलायचं ते वहीत लिहिलं आणि तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते बिडी विझवून म्हणाले, "सगलं हाय. खलं न्हाय."

खळं म्हणजे आपल्या दारासमोरचं सिमेंटचं अंगण. ते कसं झालं हे मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तर लिहिते. २०१९ सालच्या दिवाळीत मी जेसीबी बोलावला. जवळा वाळूवर सुकवला की दाताखाली कचकच येते आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. मला सिमेंटचं खळं हवं होतं. दोन कोडी वेल आणि तिच्याखालचा वाळूचा उंचवटा एका सकाळीत खरवडून काढला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मुळं लय लांब गेलीत." मी म्हटलं, ओढ. कमळकाकीच्या दारासमोरचाही भाग त्यातच गेला. तिला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

वादळाच्या दिवशी पाणी सगळीकडून आलं असं मी पाच वर्षं सांगतेय. तुलाही पहिल्या पत्रात तेच लिहिलं. आपल्या वस्तीत पाणी सगळीकडून आलं नाही. दोन्ही अंगांना वाळूला धडकून मागे फिरलं, आणि मधल्या त्या दोन कोडींतून आत आलं. माझ्या खळ्यावरून, गुळगुळीत सिमेंटवरून, कुणी वाट करून दिल्यासारखं. आपलं जोतं उंच, आपली नुसती चूल विझली. कमळकाकीची पुढची खोली गेली. भिंत, कपाट, तिच्या नवऱ्याचा फोटो. ती मागच्या दारानं निघाली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती चिखल काढत होती आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आये, हे वादळानं नाय केलं, तू केलंस." मी तुला थोबाडीत मारली. चार बुकं शिकली म्हणून आईला शिकवते, असंही म्हणाले. संध्याकाळी तू बॅग भरलीस आणि मी बोंबील उलटत बसले. थांब म्हटलं नाही.

कमळकाकी मला आजतागायत एक शब्द बोललेली नाही. रोज आपल्या खळ्यावर स्वतःचा जवळा राखायला येऊन बसते. तिचं ते गप्प बसणं तुझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

थापड चारचौघांत मारली होती. तेव्हा चूकसुद्धा चारचौघांतच कबूल करायला हवी, पत्रातून गुपचूप केलेली चालायची नाही. सतराला करते. आणि तिथे तुझ्या पान एकोणतीसचंही सोलून काढते. एकीला दुसरीची सूट नाही.

आई

२१ डिसेंबर २०२५

चि. प्राचीस,

अनेक आशीर्वाद.

तू तिथे होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. तरी सांगते. तू सगळ्यात मागे, दारापाशी, लोकांच्या पाठी बघत होतीस. पुढून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही.

टेबलामागे अध्यक्ष मॅडम, शेजारी तुमच्या संस्थेचा तो गॉगलवाला. आधी तिघे बोलले, तिघेही बांधाच्या बाजूनं. मग मी. मी आधी खळ्याचं सांगितलं. वेल माझ्या हुकमानं निघाली, कमळकाकीला न विचारता निघाली, आणि वस्तीत पाणी फक्त तिथूनच आलं. माझ्या पोरीनं हे तेव्हाच सांगितलं होतं, मी तिला मारलं. ती बरोबर होती. मी म्हटलं, दोन कोडी काढली तर एक घर गेलं, आता तुम्ही दहा कोडी काढताय. हिशोब लहान पोरालाही जमेल.

विनेश खाली मान घालून बसला होता. कमळकाकी पहिल्या रांगेत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. एवढंच.

मग माझी वही दिली. पंचेचाळीस कोडी, तेरा कोडी. गॉगलवाल्यानं मोबाइल काढला आणि हसला. "वाव म्हणजे सहा फूट. नऊशे वाव म्हणजे साडेसोळाशे मीटर. सरकारी मोजणीत हा किनारा चौदाशे मीटर आहे. बाई, जास्तीचे अडीचशे मीटर तुम्ही समुद्रात उतरून मोजलेत का?"

सगळे हसले. विनेशचे दोस्तसुद्धा. मॅडमनी वही मिटली. प्राची, मी वादळात घाबरले नव्हते, तेव्हा घाबरले. तीन दिवस दोन्ही हात पसरून वाळूतून चालले, बाबा आखूड आखूड म्हणत होते आणि मी ऐकलं नाही. खोटं बोलून पाच वर्षं काढली, आणि खरं बोलायला उभी राहिले तेव्हा खोटी ठरले. मी म्हटलं, माझी मोजणी बरोबर आहे. ते म्हणाले, कशावरून? मला सांगता येईना. वाव म्हणजे वाव, एवढंच मला येतं.

आणि मागून आवाज आला. "पाच फूट एक इंच."

मी वळले नाही. वळले असते तर तिथेच बसले असते.

"सहा फुटांची वाव पुरुषाची. ही मोजणी यांच्या हातानं झालीय आणि यांची वाव पाच फूट एक इंच आहे. नऊशेला गुणा. तेराशे चौऱ्याण्णव मीटर. सरकारी मोजणीत आणि यांच्यात सहा मीटरचा फरक आहे." मग म्हणालीस, "वनस्पतींच्या भागावर माझी सही आहे. वेल दुर्मिळ आहे का, एवढंच आम्हाला विचारलं होतं, आणि तेवढंच आम्ही लिहिलं. ती इथून काढल्यावर काय होईल हे कुणी विचारलं नाही. मी न विचारता लिहायला हवं होतं. ते आज लेखी देते."

गॉगलवाल्यानं तुला विचारलं, यांची वाव तुम्हाला कशी ठाऊक? उत्तर दिलं कमळकाकीनं. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा. "तिची पोर हाय ती. तिना न्हाय तर कोनाला ठाव असंल?"

फेरमोजणी होईपर्यंत काम थांबवा, असा शेरा मॅडमनी मारला. जिंकलो असं मी म्हणत नाही. शेरे पुसलेही जातात. पण बाहेर आले तर तू नव्हतीस. विनेश म्हणाला, साडेचारच्या एसटीनं गेली. घर तीनशे पावलांवर होतं, तरी आली नाहीस. ठीक आहे. पाच वर्षांचं एका दुपारी फिटत नाही, एवढं मलाही कळतं.

काल सकाळी पहार घेतली आणि खळं फोडायला घेतलं. तुझे बाबा म्हणाले, जवळा कुठे सुकवशील? जाळं अंथरून सुकवीन, कचकच लागली तर व्यापाऱ्यानं धुऊन खावा. तासाभरानं विनेश घण घेऊन आला. सिमेंटवर राग बराच काढला. कमळकाकीच्या दारासमोरचा भाग आधी मोकळा केला. वेलीचे हातभर तुकडे आणून वाळूत पुरले, विहिरीचं पाणी घालतेय. लोक म्हणतात आता लावून जगायची नाही, पावसाळ्यात लाव. टायरमधून जगते ती माझ्या हाताखाली का मरेल?

काल जेवण झाल्यावर मधल्या दारामागे बघितलं. उंचीच्या खुणा वर आहेत. त्यांच्या खाली, जमिनीलगत, तू तिसरीतल्या अक्षरात लिहिलंयस: "आई, हात पसरून, ५ फूट १ इंच." माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तुझे बाबा म्हणतात, माणूस म्हातारं झालं की वाव आखडते. माझी आखडलेली नाही. खोटं वाटत असेल तर टेप घेऊन ये. मी दोन्ही हात पसरून उभी राहते, तू मोज.

आई